हायड्रोजनवर चालणाऱ्या गॅस टर्बाइनचे फ्युएल नॉझल: डिझाइनचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

नैसर्गिक वायूचे चालते नॉझल घ्यायचे, तेवढ्याच उष्णतेसाठी हायड्रोजन तिपटीहून जास्त जागा व्यापतो म्हणून भोके त्याच हिशेबाने मोठी करायची, सीएफडीत (संगणकावरच्या प्रवाहाच्या हिशेबात) नॉक्स (नायट्रोजनचे प्रदूषक ऑक्साइड) बघायचे आणि सगळे ठरून गेल्यावर ‘आता फ्लॅशबॅक (ज्योत उलटी नॉझलमध्ये शिरणे) तपासून टाकू’ म्हणायचे. या कामावर नव्याने आलेले बरेच इंजिनिअर याच वाटेने जातात आणि डिझाइन रिव्ह्यूत पहिल्याच प्रश्नाला अडतात. हा क्रम उलटा आहे. ज्योत कुठे जाता कामा नये हे आधी ठरवायचे. नळीचा व्यास, भोकांची संख्या आणि इंधनाचा दाब त्यातून काढायचा. नॉक्सची घासाघीस त्या चौकटीच्या आत करायची.

पुढे एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवले आहे: बारीक सरळ नळ्यांचा जुडगा. प्रत्येक नळीतून हवा वाहते, बाजूच्या भोकांतून हायड्रोजन आडवा शिरतो आणि मिश्रण नळीच्या तोंडाबाहेर जळते. दाब १७ बार, येणारी हवा ४२० अंश सेल्सिअस, इंधन ५० अंशांना, फाय (इंधन-हवेचे समतुल्यता गुणोत्तर; १ म्हणजे इंधनाला नेमकी पुरती हवा, कमी म्हणजे हवा जास्त) ०.४. आकडे हाताने करायच्या पहिल्या हिशेबाचे आहेत, ड्रॉइंगवर उतरवायचे नाहीत.

## तयारी: कॅड उघडण्याआधी

चार गोष्टी कागदावर हव्यात.

इंधनाचे आकडे वजनाने आणि आकारमानाने, दोन्ही मापांत लिहा. किलोमागे हायड्रोजनची उष्णता १२० मेगाज्यूल, मिथेनची ५०. सामान्य घनमीटरमागे मात्र १०.८ आणि ३५.८. हवेतली ज्वलनशीलतेची मर्यादा हायड्रोजनला ४ ते ७५ टक्के, मिथेनला ५ ते १५. नेमक्या पुरत्या हवेत, सामान्य दाब-तापमानाला, ज्योतीचा लॅमिनार (खळबळ नसलेल्या प्रवाहातला) वेग हायड्रोजनचा सेकंदाला सुमारे २ मीटर, मिथेनचा सुमारे ०.४.

मिश्रणाची श्रेणी लेखी मागा. ‘३० टक्के हायड्रोजन’ म्हणजे बहुतेक वेळा आकारमानाने ३० टक्के, आणि उष्णतेने ते जेमतेम ११ टक्के भरतात. कार्बन डायऑक्साइड निम्म्यावर आणायचा तर आकारमानाने ७७ टक्के हायड्रोजन लागतो. ३० टक्क्यांचे नॉझल आणि १०० टक्क्यांचे नॉझल ही दोन वेगळी कामे आहेत.

पूर्ण लोडचा एक बिंदू पुरत नाही. स्टार्ट, इंधन बदलणे, अर्धा लोड आणि अचानक लोड सुटणे हे सगळे बिंदू हवेत. लोड सुटल्यावर इंधनाचा व्हॉल्व्ह आणि हवा एका तालात बदलत नाहीत. क्षणभर मिश्रण दाट (हवेच्या मानाने इंधन जास्त) होते, आणि फ्लॅशबॅकला तेवढा क्षण पुरतो.

रासायनिक मेकॅनिझम (ज्वलनातल्या अभिक्रिया आणि त्यांच्या वेगांची यादी) आधीच निवडा. जीआरआय ३.० हे नेहमीचे मेकॅनिझम नैसर्गिक वायूसाठी बेतलेले आहे. जास्त दाबाच्या हायड्रोजनला ते सवयीने लावू नका. त्यासाठी खास हायड्रोजनची मेकॅनिझम आहेत, उदाहरणार्थ बर्क आणि सहकाऱ्यांचे २०१२ चे.

## १. ज्योतीची हद्द आखा

नॉझलच्या कच्च्या चित्रावर तीन रंग वापरा. ज्योत जिथे हवी तो भाग, क्षणभर आली तरी आपोआप बाहेर फेकली गेली पाहिजे तो भाग, आणि कधीच येऊ नये तो भाग. दुसरा आणि तिसरा भाग ओळखताना चार वाटा लक्षात घ्या:

- भिंतीलगतच्या मंद थरातून मागे सरकणे,
- मधल्या प्रवाहात ज्योतीचा वेग हवेपेक्षा वरचढ होणे,
- स्वर्लरमधला (हवेला फिरकी देणाऱ्या पात्यांमधला) भोवरा मोडून त्याच्या पोटातून मागे येणे,
- आतच आपोआप पेट घेणे.

सरळ नळीत तिसरी वाट उरत नाही, म्हणूनच शुद्ध हायड्रोजनसाठी मोठा स्वर्लर सोडून बारीक नळ्यांकडे किंवा मायक्रोमिक्सकडे वळतात. मायक्रोमिक्समध्ये हायड्रोजन आधी मिसळतच नाहीत. शेकडो बारीक जेट हवेच्या आडव्या प्रवाहात सोडून प्रत्येकाची छोटी ज्योत ठेवतात. कावासाकीने २०२० मध्ये कोबे इथे याच पद्धतीने, पाणी किंवा वाफ न फवारता, टर्बाइन शुद्ध हायड्रोजनवर चालवून दाखवली. तिथे मागे सरकायला मिश्रणच नसते. त्याची किंमत भोकांच्या संख्येत आणि अचूकतेत मोजावी लागते.

सावधान: ‘भोक बारीक आहे, ज्योत त्यात विझेल’ हा युक्तिवाद रिव्ह्यूत मांडू नका. हायड्रोजनचे क्वेंचिंग अंतर (ज्या फटीत ज्योत विझते तिची रुंदी) वातावरणीय दाबाला सुमारे ०.६ मिमी आहे आणि ते दाबाच्या साधारण व्यस्त प्रमाणात घटते. १७ बारला ते मिलिमीटरच्या काही शतांशांवर येते, भिंत तापलेली असली की आणखी कमी. ज्योत थोपवायची ती वेगाने.

## २. नळीचा व्यास आणि हवेचा वेग

बर्नरला मिळणारा दाबफरक आधी ठरवून घ्या. आपल्या उदाहरणात तो ४ टक्के, म्हणजे ६८ किलोपास्कल. हवेची घनता सुमारे ८.५ किलो प्रति घनमीटर. घर्षणाशिवाय वेग १२६ मीटर प्रति सेकंद निघतो. तोंडाशी आणि भिंतीशी होणारे नुकसान धरून १०० घ्या. ६ मिमी व्यासाच्या नळीतून सेकंदाला सुमारे २४ ग्रॅम हवा जाते. फाय ०.४ ला तिच्यात ०.२८ ग्रॅम हायड्रोजन लागतो. म्हणजे एका नळीची उष्णता सुमारे ३४ किलोवॅट. १० मेगावॅटच्या कम्बस्टरला जवळजवळ ३०० नळ्या.

व्यास लहान केला तर मिसळण्याची लांबी कमी होते, पण नळ्या वाढतात आणि भोके आणखी बारीक होतात. मोठा केला तर उलट. पहिल्या फेरीत व्यासावर फार वेळ घालवू नका. पुढच्या टप्प्यात तो बहुधा बदलावा लागतोच.

तपासा: हायड्रोजन मिसळल्यावर नळीतला वेग साधारण ८ टक्क्यांनी वाढतो. मिथेनच्या पातळ मिश्रणात इंधनाचा वाटा आकारमानाने ४-५ टक्के असतो, इथे तो १४ टक्क्यांवर जातो. हा फरक दाबफरकाच्या हिशेबात धरला आहे का?

## ३. इंधनाची भोके

सर्वात जास्त चुका याच टप्प्यात होतात, म्हणून इथे थांबू.

हायड्रोजनची घनमीटरमागची उष्णता मिथेनच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी आहे, हे खरे. पण तो आठपट हलकाही आहे, त्यामुळे तेवढ्याच दाबफरकाला त्याच भोकातून कितीतरी वेगाने सुटतो. दोन्हींचा मिळून हिशेब वॉबे इंडेक्स करतो: मिथेनचा सुमारे ४८, हायड्रोजनचा सुमारे ४१ मेगाज्यूल प्रति घनमीटर. म्हणजे भोके आहेत तशी ठेवली तरी तेवढीच उष्णता द्यायला दाबफरक फक्त १.४ पट लागतो. भोकांचे क्षेत्रफळ ३.३ पट केले तर दाबफरक मूळच्या आठव्या हिश्श्यावर घसरतो. जेटचा जोर जातो, हायड्रोजन भिंतीला चिकटून वाहतो आणि जिथे हवा सर्वात मंद तिथेच मिश्रण सर्वात दाट होते. फ्लॅशबॅकला याहून सोयीची व्यवस्था सापडणार नाही.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. मिथेन-हायड्रोजन मिश्रणाचा वॉबे इंडेक्स सरळ रेषेत उतरत नाही. सुमारे ८५ टक्के हायड्रोजनला तो ३८.६ पर्यंत खाली जातो आणि मग शुद्ध हायड्रोजनला परत ४१ वर चढतो. इंधनाच्या दाबाची सर्वात कठीण परीक्षा १०० टक्क्यांना नसते, ८५ च्या आसपास असते. मिश्रणांची श्रेणी चालवायची असेल तर लाइन आणि व्हॉल्व्ह त्या बिंदूवर बेता.

आता भोकांची संख्या. जेट आडव्या प्रवाहात किती आत शिरते याचा कामचलाऊ अंदाज असा: १.१५ गुणिले भोकाचा व्यास गुणिले मोमेंटम रेशोचे (जेट आणि हवा यांच्या घनता गुणिले वेगाचा वर्ग यांचे गुणोत्तर) वर्गमूळ.

पहिला प्रयत्न: इंधनाचा दाबफरक ६ टक्के, चार भोके. डिस्चार्ज कोइफिशिएंट (भोकातून प्रत्यक्ष जाणाऱ्या प्रवाहाचे आदर्श प्रवाहाशी प्रमाण) ०.७ धरला तर भोक ०.५ मिमीचे येते. मोमेंटम रेशो २.४, जेट जेमतेम ०.९ मिमी आत. नळीची त्रिज्या ३ मिमी आहे. चारही जेट भिंतीलगतच राहणार.

दुसरा प्रयत्न: दाबफरक १५ टक्के, दोन भोके. भोक ०.५६ मिमी, मोमेंटम रेशो ६, जेट १.६ मिमी आत, म्हणजे त्रिज्येच्या निम्म्याहून थोडे जास्त. हे चालण्यासारखे आहे. ‘भोके जास्त, तितके मिश्रण चांगले’ ही मिथेनच्या मोठ्या नॉझलवरची सवय इथे महागात पडते. ठरलेल्या इंधनात भोके वाढवली की प्रत्येक जेट दुबळे होते.

उलट टोकालाही जाऊ नका. जोर फार वाढवला तर जेट समोरच्या भिंतीवर आदळते. शिवाय जेटच्या पाठीमागे जो मंद प्रवाहाचा आडोसा तयार होतो तोही मोठा होतो, आणि ठिणगी आत आलीच तर ज्योत तिथे ठाण मांडते. भोक प्रवाहाच्या दिशेला थोडे कलते ठेवले की आडोसा कमी होतो, पण शिरकावही कमी होतो. देवघेव आहे, नेमका कोन चाचणीतच ठरतो.

तपासा: शिरकावाचा हिशेब प्रत्येक मिश्रणाला आणि प्रत्येक लोडला वेगळा करा. किमान लोडला जेट भिंतीवर राहत असेल तर त्या लोडला काही नळ्यांचे इंधन बंद ठेवण्याची सोय, म्हणजे स्टेजिंग, आत्ताच आखावी लागेल. नंतर प्लीनम (नळ्यांना इंधन वाटणारी पोकळी) फोडून ती करता येत नाही.

## ४. भिंतीलगतचा वेग

मधला वेग १०० मीटर आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. ज्योत भिंतीजवळून येते. तिथला निकष म्हणजे वेगाचा भिंतीवरचा उतार, म्हणजे भिंतीपासून दूर जाताना वेग किती झपाट्याने वाढतो ते. नेहमीच्या घर्षणसूत्राने आपल्या नळीत तो सेकंदाला सुमारे ५० लाख येतो. वातावरणीय दाबाच्या जुन्या तक्त्यांत हायड्रोजनचा धोक्याचा आकडा सेकंदाला १०,००० च्या घरात आणि मिथेनचा काही शेकड्यांत आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘पाचशेपट सुरक्षित’ लिहिणे ही घोडचूक आहे. ते तक्ते थंड हवा, लॅमिनार प्रवाह आणि नळीच्या तोंडावर मोकळी बसलेली ज्योत यांचे आहेत. इथे हवा तापलेली, दाब १७ पट आणि प्रवाह खळबळता.

म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या प्रयोगांनी एक गोष्ट स्पष्ट केली आहे: ज्योत एकदा नळीच्या आत शिरली की ती पुढच्या प्रवाहावर दाब टाकते, भिंतीलगतचा थर उचलला जातो आणि ज्योत त्या फटीतून मागे धावते. आत शिरलेल्या ज्योतीला परतवायला लागणारा उतार मोकळ्या ज्योतीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. म्हणून ‘आत येऊ न देणे’ आणि ‘आली तर बाहेर काढणे’ यांचे दोन वेगळे निकष ठेवा.

भूमितीचे नियम थोडके आहेत. भोकांच्या पुढे नळीत पायरी, खाच, वेल्डचा मणी काहीही नको. नळी तोंडाकडे किंचित निमुळती चालेल, रुंदावणारी कधीच नाही. तोंडाची कड मागून थंड ठेवा. तापलेली कड भिंतीलगतचे मिश्रण आधीच गरम करते. शक्य असेल तर थोडी शुद्ध हवा भिंतीलगत सोडा, म्हणजे त्या थरातले मिश्रण पातळच राहते.

## ५. मिसळण्याची लांबी

नळीच्या व्यासाच्या १० पट, म्हणजे ६० मिमीपासून सुरुवात करा. मिश्रण तिथे ०.६ मिलिसेकंदाच्या आसपास राहते. ४२० अंशांच्या हवेत आपोआप पेट घ्यायला लागणारा वेळ याहून खूप मोठा आहे, त्यामुळे साध्या यंत्रात ही अडचण नसते. दोन टप्प्यांत जाळणाऱ्या यंत्राच्या दुसऱ्या टप्प्यात किंवा रिक्युपरेटर (धुराच्या उष्णतेने हवा तापवणारे साधन) असलेल्या यंत्रात हवा फार गरम येते. तिथे हा हिशेब सगळ्यात आधी करा.

## ६. कंप

हायड्रोजनची ज्योत आखूड असते, त्यामुळे इंधन शिरल्यापासून जळेपर्यंतचा वेळ घटतो आणि कंप वरच्या फ्रिक्वेन्सीकडे सरकतो. मिथेनवर ट्यून केलेला डँपर (कंप शोषणारा भाग) तिथे कामाचा राहत नाही. शिवाय ३०० नळ्या हुबेहूब सारख्या केल्या तर सगळ्यांचा हा वेळ एकच येतो आणि त्या एका सुरात ओरडतात. भोकांची जागा काही नळ्यांत पुढे, काहींत मागे ठेवा. दोन किंवा तीन गट पुरतात. इंधनाचा दाबफरक १५ टक्के ठेवल्याचा इथेही फायदा आहे: कम्बस्टरमधला दाब हलला तरी इंधनाचा प्रवाह फारसा डोलत नाही.

## ७. सीएफडी: काय मागायचे, काय नाही

रेनॉल्ड्स-सरासरीचे (खळबळ सरासरीने धरणारे) मॉडेल आणि तयार फ्लेमलेट टेबल (ज्योतीचे आधी करून ठेवलेले तक्ते) घेऊन फ्लॅशबॅकचा निकाल मागू नका. पातळ हायड्रोजनचा लुईस नंबर (उष्णता पसरण्याचे इंधन पसरण्याशी प्रमाण) ०.३ ते ०.४ च्या आसपास असतो. हायड्रोजन हवेतून उष्णतेपेक्षा लवकर पसरतो, ज्योतीचे पुढे आलेले फुगवटे अधिक दाट होऊन अधिक जोरात जळतात. लुईस नंबर १ धरणारे मॉडेल हे दाखवतच नाही, आणि त्याची चूक नेमकी धोक्याच्या बाजूला असते.

थंड मिश्रणाचा नकाशा मात्र सीएफडीकडून जरूर घ्या. टर्ब्युलंट श्मिट नंबर (खळबळीने इंधन किती मिसळते हे ठरवणारा मॉडेलमधला आकडा) ०.७ वर सोडून देऊ नका, ०.३ ला आणि ०.७ ला चालवून भिंतीजवळचा फाय किती बदलतो ते पाहा. खूप बदलत असेल तर त्या आकड्यावर डिझाइन उभे करू नका, मोजमाप करा. भिंतीजवळ मेश वाय-प्लस (पहिल्या घराचे भिंतीपासूनचे मापरहित अंतर) १ च्या आसपास हवा. वॉल फंक्शन (भिंतीलगतचा थर न सोडवता सूत्राने भरण्याची सोय) लावून भिंतीलगतच्या थरावर मत देणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे.

## ८. बनावट

नळ्यांचा जुडगा थ्री-डी प्रिंटिंगने सहज होतो, ०.५६ मिमीची भोके होत नाहीत. छापलेले बारीक भोक गोल येत नाही, वरची कड लोंबते. भोक लहान छापून नंतर ईडीएमने (विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरून) पूर्ण करा. भोकात ०.०५ मिमीचा फरक म्हणजे क्षेत्रफळात १८ टक्के. त्या नळीचा फाय ०.४ वरून ०.४७ वर जातो आणि ज्योतीचे तापमान दीडशे केल्विनहून जास्त चढते. नॉक्स तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो, त्यामुळे अशा मोजक्या नळ्या सगळ्या बर्नरचा आकडा बिघडवतात.

प्लीनममध्ये अडकलेली पावडर उष्णता-प्रक्रियेआधी काढा. नंतर ती चिकटून बसते. इन्कोनेल ७१८ (निकेलचा मिश्रधातू) ताकदीला उत्तम, पण हायड्रोजनमुळे ठिसूळ होण्याचा धोका त्याला सामान्य तापमानालाच जास्त असतो. म्हणून थंड इंधनाच्या बाजूला त्याच्यावर मोठा ताण ठेवू नका. तिथल्या पाइपला ३१६एल स्टेनलेस स्टील बरे.

तपासा: प्रत्येक नळीचे परिणामी क्षेत्रफळ हवेने मोजा; अख्ख्या जुडग्याची सरासरी घेऊन समाधान मानू नका. गळती हेलियमने तपासा, साबणाच्या फेसाने नाही.

## ९. चाचणीचा क्रम

१. थंड प्रवाह: क्षेत्रफळ, दाबफरक, मिश्रणाचा नकाशा.

२. एक नळी, वातावरणीय दाब, तापलेली हवा. वेग आणि मोमेंटम रेशो इंजिनचेच ठेवा.

३. तीच नळी, वाढत्या दाबाला. इथे घाई नको. वातावरणीय दाबाला फ्लॅशबॅक झाला नाही, यावरून १७ बारबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

४. ज्योत अडकण्याची चाचणी: नळीच्या आत मुद्दाम ठिणगी पाडा आणि ठिणगी बंद केल्यावर ज्योत बाहेर जाते का पाहा. ही चाचणी वगळायचा मोह सर्वात जास्त होतो, कारण हार्डवेअर जळण्याची भीती असते. रिगवर एक नळी जळालेली परवडते.

५. पूर्ण नॉझल, मग पूर्ण कम्बस्टर, सगळ्या मिश्रणांसह आणि लोड सुटण्याच्या नकलेसह.

हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या पट्ट्यावर चालणारा इन्फ्रारेड डिटेक्टर ती पकडत नाही. अल्ट्राव्हायोलेट डिटेक्टर हवा, आणि कॅमेरा ज्योतीतल्या ओएच कणांच्या ३०८ नॅनोमीटर प्रकाशासाठीचा. नळ्यांच्या तोंडाशी थर्मोकपल बसवा आणि ते थेट इंधन बंद करणाऱ्या ट्रिपला जोडा, फक्त अलार्मला नाही.

सावधान: सुरू करण्याआधी आणि बंद केल्यावर इंधनाच्या सगळ्या वाटा नायट्रोजनने धुवा. इंधन थांबले की नळ्यांतल्या किरकोळ दाबफरकामुळे हवा भोकांतून प्लीनममध्ये शिरते, आणि पुढच्या स्टार्टला तिथे पेटण्याजोगे मिश्रण तयार बसलेले असते.

## १०. नॉक्सचा आकडा लिहिताना

आता नॉक्सकडे या. कोरड्या धुरात, १५ टक्के ऑक्सिजनवर आणलेला पीपीएम (दहा लाखांत किती भाग) आकडा मिथेनशी थेट ताडू नका. हायड्रोजनच्या धुरात पाणी जास्त असते. ते काढून टाकले की उरलेल्या धुरात नॉक्सचे प्रमाण फुगते. उष्णतेमागे तेवढाच नॉक्स तयार होत असला तरी शुद्ध हायड्रोजनचा पीपीएम आकडा मिथेनपेक्षा सुमारे ४० टक्क्यांपर्यंत जास्त दिसू शकतो. अहवालात पीपीएमच्या शेजारी ग्रॅम प्रति गिगाज्यूल हा दुसरा रकाना ठेवा, आणि परवान्याची अट कोणत्या मापात लिहिली आहे ते टेस्ट प्लॅनच्या पहिल्या पानावर नोंदवा.